काळ्या कणसांची पाटी

परतीच्या पावसावर कुणी गाणी लिहीत नाही. लिहिणार तरी काय? तो येतो तेव्हा शेतातलं सगळं तयार होऊन उभं असतं, आणि निघालेल्या पाहुण्यानं दारातच पाय पसरून बसावं तसा तो मुक्काम ठोकतो. गेल्या आठवड्यापासून इथे बदनापुरात त्यानं ठाण मांडलंय. मी शिकवते त्या कॉलेजच्या व्हरांड्यात पोरी ओढण्या पिळत उभ्या असतात. रस्त्याच्या कडेला ज्यांनी मका वाळत घातला होता ते ताडपत्र्या घेऊन धावतात. आज सकाळी खिडकी उघडली आणि तो वास आत आला. ओल्या मक्याचा. आधी गोडसर, उकडलेल्या कणसाचा, आणि त्याच्या मागोमाग आंबूस, कोंदट, बंद पोत्यातला. मी खिडकी लावून घेतली. गावाकडच्या मुलीनं अशा वासाला नाक मुरडू नये म्हणतात, पण माझं त्या वासाशी जुनं भांडण आहे.

भांडण लागलं त्या वर्षी मी जालन्यात एका प्रकल्पावर सहायक होते. एमएस्सी होऊन घरात बसले होते, स्थळं येत होती आणि जात होती, तेवढ्यात हे काम मिळालं. कारखान्यांच्या वस्तीलगत भाड्याच्या दोन खोल्या, तीच प्रयोगशाळा. खिडकीबाहेर सळयांच्या कारखान्याचा धूर, आणि खिडकीच्या आत, न हलणाऱ्या दगडी ओट्यावर, आमचं यंत्र. ज्या शास्त्रज्ञानं ते पहिल्यांदा केलं त्याच्या नावानं ते जगात ओळखलं जातं. आम्ही त्याला नुसतं 'चेंबर' म्हणायचो. आतडं किती पाझरतं, ते मोजायचं हे यंत्र.

ते दिसायला काहीच नव्हतं. दोन छोटे पारदर्शक पेले, आडवे, तोंडाला तोंड लावून स्क्रूनं आवळलेले. दोन्हींच्या मधे आतड्याचा नखाएवढा तुकडा, पडद्यासारखा ताणून बसवलेला. एका पेल्यात पिवळ्या-हिरव्या रंगाचं पाणी, दुसऱ्यात स्वच्छ. आतड्याची भिंत शाबूत असेल, तर रंग आपल्या पेल्यात गुमान राहतो. भिंत ढिली पडली, की पलीकडचं पाणी हळूहळू पोपटी व्हायला लागतं. शिवाय दोन्ही बाजूंनी बारीक तारा सोडलेल्या. भिंत जितकी घट्ट, तितका पडद्यावरचा आकडा मोठा. आकडा उतरायला लागला की समजायचं, जे पोटातच राहून बाहेर पडायला हवं ते आता रक्तात शिरतंय. आम्हाला शोधायचं होतं ते इतकंच, की पावसात भिजून काळ्या पडलेल्या मक्यातल्या बुरशीचं विष शेळीच्या आतड्याला काय करतं.

आतडं ताजं लागायचं. मी रोज सकाळी स्टीलचा थर्मास घेऊन कादरभाईंच्या दुकानी जायचे. कादरभाई खाटीक, पन्नाशीचे, दाढीला मेंदी, बोलणं तिरकस. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी वजडी न्यायला आले. मी म्हटलं, वीतभरच पाहिजे, लहान आतड्याचा तुकडा, आणि धुवायचा नाही. त्यांची सुरी थांबली.

"लोगां कलेजी मांगते, पाये मांगते. तुमकू आतडी होना, वो बी बिनधोई. पकाते कैसा?"

"पकाते नहीं. मशीन को लगाते."

"मशीन क्या बोलती?"

"बोलती, खाया हुआ अंदर कैसा जाता."

त्यांनी तुकडा कापून थर्मासात सोडला. "जिंदी थी तब बकरीकूच पूछना था," ते म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्यानंतर मात्र त्यांनी मला एकदाही शिळं दिलं नाही.

नवरात्राचे दिवस होते. गावी आईचे नऊ दिवसांचे उपास चालू, घटाला माळा चढत होत्या, आणि ती फोनवर विचारायची, "उपास धरला ना गं?" धरला होता. साबुदाण्याची खिचडी खाऊन मी शेळीचं आतडं सोलत होते. बाहेरचा स्नायूचा पापुद्रा चिमट्यानं अलगद काढायचा, कांद्याच्या पातीवरून काढावा तसा. आतली मखमल तेवढी ठेवायची. जनावर मेलं तरी आतडं काही तास जिवंत असतं. त्याला कोमट ठेवलं, मीठ-साखर दिली, हवेचे बुडबुडे सोडत राहिलं, तर ते आपलं काम करत राहतं, आत काय घ्यायचं आणि काय नाही ते निवडत बसतं. मला पहिले काही दिवस या गोष्टीचं फार अप्रूप वाटायचं. मग सवय झाली.

आपल्याकडे माया आतड्यात असते असं मानतात. कुणासाठी आतडं तुटतं, कुणी आतड्याचं माणूस असतं. त्या आश्विनात माझ्या हाताखालून इतकी आतडी गेली, पण माया कुठल्या पदरात असते ते मला सापडलं नाही. विष कुठून शिरतं ते मात्र नीट कळलं.

सरांनी, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुखांनी, आम्हा सगळ्या सहायकांना आपापल्या गावचे मक्याचे नमुने आणायला सांगितले होते. आमचं गाव भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याच्या पुढे आडरस्त्याला. वडील गेल्यापासून शेती माझा थोरला भाऊ बघतो. दादा माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. तो कष्टाळू आहे, म्हशींना नावानं हाक मारतो, बहिणीला दिवाळीला न्यायला स्वतः येतो. वाईट असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

आमच्या घरची एक जुनी रीत. मका सोलून झाला, की शेवटच्या दिवशी सोलणाऱ्या प्रत्येक बाईला मजुरी सोडून वर एक पाटी कणसं द्यायची. आजोबांच्या वेळेपासूनची ही रीत, आणि घरात तिचा केवढा अभिमान. "आपल्या खळ्यावरून कुणी रिकामं जात न्हाई," हे वाक्य आईच्या तोंडून मी पाहुण्यांसमोर किती वेळा ऐकलंय. पाटी कुठल्या ढिगातून भरायची, ते त्या वाक्यात येत नाही. सोलताना दोन ढीग पडतात. पिवळा ढीग बाजाराचा. ज्या कणसांच्या शेंड्यात पाणी शिरून दाण्यांना काळं-हिरवं धरलंय, ती डाव्या हाताला, तो काळा ढीग. त्यातला निम्मा आमच्या म्हशींना भरडून, निम्मा बायांच्या पाट्यांत. आणि ही निवड करायची कुणी, तर त्या बायांनीच. आपल्याच हातानं चांगलं उजवीकडे टाकायचं, आणि डावीकडे टाकलेलं संध्याकाळी डोक्यावर घेऊन घरी जायचं. लहानपणापासून मी हे बघत होते, आणि मला त्यात बघण्यासारखं काही आहे असं कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मी नमुने घ्यायला गेले तेव्हा दुपारचा पाऊस नुकताच थांबला होता. खळ्यावर ताडपत्रीखाली बाया सोलत बसलेल्या. ओल्या पाल्याचा करकर आवाज, हातांना चिकटणारे केसर, आणि सगळ्यावर तो वास. गयामाय त्या बायांत सगळ्यात वयस्क. तिचं घर भीमनगरात, आमच्या आळीपासून सिमेंटच्या रस्त्यापलीकडे. मुलगा-सून पुण्याकडे बांधकामावर, आणि इथे ती, नात सुजाता आणि शेळ्या. शेळ्या तिच्या स्वतःच्या होत्या आणि त्याचा तिला तोरा होता. "मजुरीला कुनी बोलावलं तर जायचं," ती म्हणायची, "शेळीला कुनाचं बोलावनं लागत न्हाई." सुजाताची वह्या-पुस्तकं, गयामायचं औषधपाणी, सणाची साडी, सगळं त्या शेळ्यांच्या पिलांवर. त्या दिवशी मात्र तिचे हात नेहमीसारखे चालत नव्हते.

"काय झालं गयामाय?"

"काळी शेळी बरी न्हाई, नंदाताई. गेल्या हिवाळ्यात गाभ टाकला तिनं. पावसाळ्यात हिरवं खाऊन जरा सावरली व्हती. आता नवा मका सुरू केला अन् परत ढाळून राह्यली. खाती बराबर, पन अंगाला काहीच लागत न्हाई."

"मका कुठला?"

"तुमच्या इथलाच की. रोज जाताना ओच्यात घालून नेते." तिच्या बोलण्यात आरोप नव्हता, कुणी विचारलं म्हणून ती सांगत होती. "धुते, वाळवते, काळं काळं चोळून काढते. मंग दळते. निम्मं शेळ्यांला, निम्मं आमाला. ज्वारीत घातलं की भाकर गोड लागती."

मी दोन्ही ढिगांतली कणसं दोन पिशव्यांत भरली आणि जालन्याची जीप पकडली.

त्यानंतरचे दिवस मला आजही स्वच्छ आठवतात. पिवळ्या ढिगाचा अर्क आतड्याच्या तुकड्यावर सोडला, आणि काही झालं नाही. आकडा जागचा हलला नाही, रंग आपल्या पेल्यात राहिला. काळ्या ढिगाचा अर्क सोडला आणि मी चहा घेऊन येईपर्यंत आकडा जिना उतरावा तसा उतरत होता. पलीकडच्या पाण्यात आधी शंका यावी इतकीच झाक, मग पोपटी, मग उघड उघड हिरवं. मग मी गयामायच्या पद्धतीनं केलं. काळा मका धुतला, गच्चीवर वाळवला, काळं चोळून चोळून काढलं, दाणे दिसायला अगदी चांगले झाले. त्याचा अर्क सोडला. आकडा तसाच उतरला. बुरशी चोळून जाते, तिचं विष दाण्यात बसलेलं असतं. ती बाई रोज संध्याकाळी कंबर मोडून जे चोळत बसायची, त्याचा उपयोग काहीच नव्हता. मला त्या पेल्यांकडे बघून रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

सर भले गृहस्थ होते, कुणाला दुखवत नसत. ते खूश झाले, कारण निकाल देखणा होता. शेतकऱ्यांसाठी एक पत्रक काढायचं त्यांनी ठरवलं, आणि मजकूर मला लिहायला दिला. मी लिहिलं, भिजून काळा पडलेला मका जनावरांना घालू नये व माणसांनीही खाऊ नये, धुऊन वाळवूनही तो निर्धोक होत नाही. सरांनी पेन घेऊन 'व माणसांनीही खाऊ नये' एवढं खोडलं.

"सर, खातात लोक. मला माहीत आहेत खाणारे."

"खात असतील हो. पण आपला प्रकल्प पशुखाद्याचा आहे. माणसांबद्दल बोलायचं, तर त्याला वेगळी परवानगी, वेगळी समिती. आपण आपल्या हद्दीत राहावं, नंदा."

त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. मी पुष्कळ वाद घातला, सर शांतपणे ऐकत राहिले, आणि पत्रक छापून आलं ते त्यांच्याच मजकुराचं. वर म्हशीचं चित्र, खाली शेळीचं.

एक गठ्ठा मी घरी पाठवला आणि दादाला फोन केला. यंत्रात काय दिसलं, रंग कसा पलीकडे गेला, सगळं सांगितलं. माणसांचंही सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. "बरं झालं सांगितलं," तो म्हणाला. "आपल्याला काय माहीत, एवढं डेंजर असंल म्हणून. बिलकुल न्हाई घालणार." त्याच्या आवाजात बहिणीचं कौतुक होतं. त्या सगळ्या मोसमात मला निखळ आनंद झाला असेल तर तो त्या फोननंतर. मी रस्त्यावर जाऊन एकटीच पावभाजी खाऊन आले.

दिवाळीत घरी गेले. गोठ्याच्या दाराला पत्रक डकवलेलं, वर प्लास्टिक लावून. दादानं मला मुद्दाम नेऊन दाखवलं. म्हशी तुकतुकीत. मी फराळाचं ताट घेऊन भीमनगरात गेले, तर गयामायच्या ओसरीवर काळी कणसं पसरलेली, भिंतीपासून दारापर्यंत. मी इतकी कधी बघितली नव्हती. सुजाता चुलीपाशी मक्याची गरम भाकर चहात बुडवून खात होती. काळी शेळी खुंट्याशी बसलेली, मागचे पाय घाणीनं भरलेले.

"एवढी कुठून आली?"

"औंदा तुझ्या दादानं दोन दोन पाट्या दिल्या सगळ्यांला. म्हने, म्हशींला बाधतो, तुमीच न्या."

गयामाय हे हसून बोलली. चेष्टेनं हसली की खरंच हसली, ते मला त्या वेळी कळलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, चोळून काही होत नाही तेही सांगितलं. ती ऐकत असताना तिचा हात एका कणसावरचं काळं चोळत होता. मग तो थांबला.

"मंग हिवाळाभर शेळ्यांला काय घालू?" तिनं विचारलं.

याचं उत्तर ना चेंबरकडे होतं ना पत्रकात. ते आमच्या खळ्यावर होतं, पिवळ्या ढिगात. मी घरी येऊन दादाला तेच म्हटलं.

"दादा, त्यांच्या पाट्या परत घे, अन् पिवळ्यातल्या भरून दे."

"बाजाराचा माल वाटू?"

"आपल्या म्हशींना जे बाधतं ते त्यांच्या शेळ्यांना बाधत न्हाई का? अन् माणसांचं काय? मी फोनवर सांगितलं होतं तुला."

"कागदावर माणसाचं कुठं लिव्हलंय ते दाखव."

मी गप्प झाले नाही. मी जे बोलले ते दिवाळीच्या घरात बोलू नये असं होतं, पिढ्यांचं बोलले, आजोबांचं बोलले. वहिनी पोरांना घेऊन आत गेली. आई म्हणाली, "नेतात त्या आनंदानं. कुणी बळजबरी केली का? शिकली म्हणून घरच्या देण्यावर थुंकायचं?" देणं हा शब्द तिनं असा उच्चारला, की जणू मीच कुणाच्या ताटातलं ओढत होते.  दादा शांतपणे म्हणाला, "बरं. तुला आपली पाटी पटत न्हाई ना? मंग बंद करू." भाऊबीजेला ओवाळताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानं शब्द पाळला. पुढच्या वर्षी परतीचा पाऊस तसाच लागला, काळा ढीग तसाच पडला, आणि शेवटच्या दिवशी खळ्यावर जाहीर झालं, की पाटी बंद, नंदानं सांगितलंय, बाधतं. ज्या बायांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं त्या माझ्याकडे बघून पदर सारखा करायला लागल्या. पिवळ्या ढिगातलं कणीस कुणालाच मिळालं नाही. काळ्या ढिगाला मात्र गिऱ्हाईक निघालं. टेम्पो घेऊन एक व्यापारी आला, त्यानं नाकाला रुमालही लावला नाही. "आमाला समदं चालतं," तो म्हणाला, "चांगल्यात मिसळून भरडलं की कोन बघतंय." तोवर प्रकल्प संपला होता. चेंबर थर्माकोलात गुंडाळून खोक्यात गेलं आणि सर त्यांच्या गावी. निकाल परदेशी नियतकालिकात छापून आला. त्यात आमच्या खळ्याला नाव नव्हतं, नमुना क्रमांक होता, आणि सहायकांच्या आभारात माझं नाव नीट लिहिलं होतं. मी ते पान आईला दाखवलं नाही.

मला राग नेमका कुणाचा येतो, ते मी अजून ठरवू शकले नाही. सरांचा येतो, त्या खोडलेल्या चार शब्दांसाठी. दादाचा येतो, पण त्यानं माझं ऐकून म्हशींना जपलं हेही खरं. आमच्या घरच्या त्या देण्याचा येतो, ज्याला हात लावला की ते सुधारत नाही, मोडतं. आणि कधी कधी त्या यंत्राचा येतो. इतकं बारीक दिसायचं त्याला, नखाएवढ्या तुकड्यातून काय पाझरतं ते अचूक सांगायचं, आणि सांगून झालं की बंद व्हायचं. अशा वेळी मी वर्गात मुलांवर उगाच ओरडते.

परवा दसऱ्याला गावी गेले होते. पाऊस होताच. देवीच्या दर्शनाहून येताना किराणा दुकानाच्या पत्र्याखाली गयामाय दिसली. पाठ वाकलीय आता. सुजाता तिच्या खांद्याइतकी झालीय, हडकुळी, पण डोळे तल्लख. काळी शेळी त्या दिवाळीनंतरच्या हिवाळ्यातच गेली, हे मला मागेच कळलं होतं. तिच्या पोटची एक शेळी तेवढी उरलीय. पायाशी शेळ्यांच्या भरड्याची छोटी गोणी, तिच्यावर तांबड्या अक्षरात नाव आणि टेचात उभ्या असलेल्या एका धष्टपुष्ट शेळीचं चित्र. दुकानदार आत सुटे पैसे शोधत होता. गोणीचं तोंड सुटलं होतं. मी न विचारता आत हात घातला आणि मूठ नाकाशी नेली. गोडसर, आणि मागून आंबूस, कोंदट.

"गयामाय, हा घालू नको."

"मंग कोनता घालू? दुकानात येवढाच येतो."

 तिनं माझ्या मुठीतला भरडा आपल्या तळहातावर घेतला, एक कणही सांडू न देता परत गोणीत सोडला, आणि तोंड सुतळीनं बांधलं.

"पह्यलं काळं कोनतं ते डोळ्यानं दिसत तरी व्हतं, ताई, अन् फुकट भेटत व्हतं," ती म्हणाली. "आता दिसत बी न्हाई अन् इकत घ्यावं लागतं. तुझ्या यंत्रानं आमच्यासाठी येवढं केलं."

सुजातानं गोणी डोक्यावर घेतली आणि दोघी पावसातून भीमनगराकडे चालू लागल्या.